कार्डामागची तारीख

“आणखी उघडा, अण्णा. जीभ तिकडे घ्या,” असं म्हणत रंजनानं टॉर्चचा झोत नीट आत सोडला. डॉक्टर जयश्री आरसा घालून वाकल्या, आणि बराच वेळ तशाच वाकून राहिल्या.

खुर्चीत तुळजाराम टेलर होते. तंजावरच्या राजवाड्याच्या मागच्या बोळात त्यांचं एका शटरचं दुकान. वय चौसष्ट. त्या बाजूच्या मुलींचे शाळेचे युनिफॉर्म, बायकांचे ब्लाऊज, सणाच्या रेशमी पावाड्या म्हणजे परकर, सगळं त्यांच्याच मशीनवर व्हायचं. रंजनाच्या मुलीचा, हरिताचा, पहिलीतला युनिफॉर्मही त्यांनीच शिवला होता, वाढतं अंग म्हणून चार बोटं कापड आत दुमडून. तो तिनं तिसरीपर्यंत घातला.

उजवीकडची शेवटची दाढ तुटली होती. तिची कड फुटक्या बांगडीसारखी झाली होती, आणि बरोबर तिच्यासमोर, जिभेच्या कडेला, चिंचोक्याएवढी जखम होती. किती दिवस झाले, असं डॉक्टरांनी तमिळमध्ये विचारलं. तुळजारामांनी दोन बोटं दाखवली. दोन दिवस? नाही. दोन महिने. तंबाखू खाता का? तेव्हा त्यांनी तोंड मिटलं आणि सांगितलं की टेलरच्या एका गालात टाचण्या असतात, एका गालात पान, मधे जागा उरली तर जेवण. रंजनाला हसू आलं. डॉक्टर हसल्या नाहीत.

रक्तदाब एकशे नव्वद निघाला. एवढ्या दाबावर दाढ काढता येणार नाही, गोळ्या रोज घ्या, तंबाखू बंद, दाब उतरला की दाढ काढू, आणि दाढ गेल्यावरही जखम भरली नाही तर मोठ्या इस्पितळात तुकडा तपासायला पाठवू, असं डॉक्टरांनी त्यांना समजावलं. मग रंजनाकडे वळून त्या हळू आवाजात इंग्रजीत बोलल्या. बरोबर दोन आठवड्यांची तारीख द्या. मला ही जखम बरी दिसत नाही. हा माणूस सुटता कामा नये.

रंजनानं मान हलवली.

त्या सरकारी आरोग्य केंद्रात दातांच्या डॉक्टर सोमवारी आणि शुक्रवारी येत. रंजना त्यांच्या मदतनीस म्हणून बावीस वर्षं होती. डॉक्टर बदलत गेल्या, खुर्ची एकदा बदलली, ती तिथंच राहिली. हत्यारं उकळायची, कापूस वळून ठेवायचा, रडणाऱ्या मुलांचे हात धरायचे, आणि शेवटी वहीत पुढच्या तारखा लिहायच्या. वीस जणांना तारीख दिली तर आठ-दहा येत. बाकीच्यांच्या नावापुढं लाल शाईनं ‘आला नाही’ असं लिहायचं आणि फोन करायचा, हेही तिचंच काम. फोनवर लोक काय काय सांगत. दुखणं थांबलं. बस चुकली. चुलत सासरे वारले. दात आपोआप पडला. ती कुणाला रागावत नसे. रागावणं तिच्या गळ्यातच नव्हतं. पण मनात येई, माणसानं एक तारीख पाळू नये?

तिचं स्वतःचं सगळं तारखेचं आणि तिथीचं होतं. सोमवारी एकभुक्त, शुक्रवारी देवीची ओटी, एकादशीला फक्त पाणी आणि दूध. आणि रोज पहाटे आंघोळ झाली की वहीत एकशे आठ वेळा ‘श्रीराम’ लिहायचं. हा नेम तिनं चाळिसाव्या वर्षी धरला, आणि त्यासाठीच देवनागरी शिकली. घरात बोलणं मराठी, शाळा तमिळ, त्यामुळे त्या बोळांतल्या बहुतेकांसारखी तिलाही ही अक्षरं येत नव्हती. एका स्तोत्राच्या पुस्तकावर बोट ठेवून ठेवून ती आठ महिन्यांत वाचायला लागली. मग आकडे शिकली. हरिता म्हणायची, “अम्मा, तुजला येऊन काय उपयोग? दुसऱ्या कोणाला वाचतां येतें तंजावुरांत?” रंजना म्हणायची, देवाला येतं की.

त्या आठवड्यात केंद्रातली छापील कार्डं संपली होती. रंजनानं हातमोज्यांच्या खोक्यांचा पांढरा पुठ्ठा कापून त्याची कार्डं केली होती. एका बाजूला नाव आणि नंबर, मागच्या बाजूला तारीख. बाकी सगळ्यांना ती तमिळमध्ये लिहून द्यायची, आकडे इंग्रजी. पण आपल्यातलं कुणी आलं, महिन्याकाठी एखाददुसरं, की तिचा हात आपोआप देवनागरीकडे वळे. तुळजारामांच्या कार्डामागं तिनं चांगल्या चार ओळी लिहिल्या. वळणदार, नामाच्या वहीत लिहायची तशा.

तेवढ्यात बाहेर पापनाशमहून आलेली एक बाई रडकुंडीला आली होती. तिची तारीख शुक्रवारची, आणि ती सोमवारी आली होती. रंजनानं तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि परत पाठवलं. मग बाकावर बसलेल्या तुळजारामांच्या हातात कार्ड ठेवून ती म्हणाली, “मागें लिहिलें अहे, अण्णा. आपल्या अक्षरांत. दिलेल्या तारखेलाच या. आधीं नको, मागाहून नको. बघितलांत ना त्या बाईचें?”

तुळजारामांनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, आणि मान डोलावली.

“म्हणजे तूं टेलर झालीस आणि मी गिऱ्हाईक,” ते म्हणाले. “टेलरच्या तारखेला कोण कधीं गेलें अहे गे? पण तुझ्या तारखेला मी येईन.”

आतून डॉक्टरांनी हाक मारली. कुणाच्या तरी दाढेतून रक्त थांबत नव्हतं. रंजना आत गेली.

एक एप्रिलला सोमवार होता. नऊ वाजले, दहा वाजले. साडेबाराला डॉक्टर हात धुऊन जाताना म्हणाल्या, तो टेलर आला का? रंजना म्हणाली, येतील. दुपारी एक वाजता तिनं लाल पेन उघडलं.

वहीतला नंबर तुळजारामांच्या मुलाचा, विघ्नेशचा होता. तो तिरुप्पूरला बनियनच्या कारखान्यात होता. तिनं तीन दिवस तीनदा फोन केला. हा नंबर सध्या अस्तित्वात नाही, असं एक बाई तमिळमध्ये आणि मग इंग्रजीत सांगत राहिली. तीन फोन झाले की नाव महिन्याच्या यादीत जाई आणि यादी वरच्या कार्यालयात. तिथं त्या यादीचं काय होतं, हे रंजनाला बावीस वर्षांत कळलं नव्हतं.

दुकान जवळच होतं. चालत सात-आठ मिनिटं. जाऊन येते, असं ती रोज म्हणायची. पण पाडवा आला, चैत्राचं नवरात्र बसलं, ती नऊ दिवस संध्याकाळी पाठाला बसायची, उठवत नसे. मग निवडणूक आली आणि केंद्रातल्या बायकांना बूथवर पाठवलं. मग कडक ऊन. एकदा ती त्या बोळात वळलीही, पण शटर खाली होतं. जेवायला गेले असतील असं वाटून ती परत आली.

मे महिन्यात गोळ्यांच्या खिडकीपाशी भुवना भेटली. भुवना म्हणजे तुळजारामांची सून. सासऱ्यांच्या दाबाच्या गोळ्या घ्यायला ती महिन्यातून एकदा यायची. रंजनाला विचारायचं होतं, की बाई, तारीख चुकवलीत ती चुकवलीत, नंतर तरी का आला नाहीत? पण रांगेत दहा माणसं उभी होती. चारचौघांत ‘चुकवलीत’ हा शब्द तिच्या तोंडातून निघेना.

ती म्हणाली, “अण्णांना म्हणावें, तारीख विसरूं नका.”

“ते विसरतील?” भुवना हसली. “कॅलेंडरावर लाल खडूनें गोल काढलाय. रोज सकाळीं उठून तेंच बघतात. आम्हीं म्हणतों, मामांजींचें दुसरें लग्न अहे.”

“मग सरी, बरें. म्हणजे तारीख अहे त्यांच्याजवळ.”

“अहे की.”

रंजनाला वाटलं, कुठं तरी दुसरीकडे दाखवून त्यांनी तारीख घेतली असेल. कुणा खासगी डॉक्टरची. एकीकडे जरा बरं वाटलं, आणि खरं सांगायचं तर एकीकडे जरा लागलंही. एवढं मन लावून लिहून दिलं होतं. कुठं जातात ते दोन शब्दांत विचारता आलं असतं. तिनं विचारलं नाही. घरी जाऊन दिवा लावताना तिनं त्यांच्यासाठी एक वात जास्त लावली.

नऊ ऑगस्टला शुक्रवार होता आणि नागपंचमी होती. रंजनानं घरी विळी उभी केली नाही, भाजी चिरली नाही. नुसता दूधभात नैवेद्याला दाखवून ती आठला केंद्रात आली, तर दातांच्या खोलीसमोरच्या बाकावर तुळजाराम बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला गंध, हातात रुमाल. शर्ट अंगावर टांगल्यासारखा दिसत होता. ज्या माणसानं साऱ्या गल्लीच्या मापाचं शिवलं, त्याचा स्वतःचा शर्ट दोन मापं मोठा होता. शेजारी भुवना उभी होती.

“आलांत, अण्णा. बरें झालें,” रंजना म्हणाली.

“तारखेला आलों,” ते म्हणाले. बोलणं जड झालं होतं. तोंडात सुपारी धरून बोलावं तसं. “तंबाखूही सोडला. तुझ्यासारखा नेम केला, तारखेपर्यंत त्याला हात लावायचा नाहीं. ही भुवना म्हणाली, आज नागपंचमी, आज लोखंड लावून घेऊं नये. मी म्हणालों, रंजनानें तारीख दिलीय. ती व्रताची बाई, पंचांग बघूनच दिली असेल.”

रंजनाला त्यातलं अर्धंच कळलं. ती त्यांना आत घेऊन गेली.

डॉक्टर जयश्रींनी टॉर्चखाली पाहिलं, बोटानं चाचपलं, मग हनुवटीखाली दोन्ही बाजूंनी चाचपलं. जखम रुपयाएवढी झाली होती आणि तिच्या कडा उचलल्या होत्या. उजवीकडे जबड्याखाली गाठ लागत होती. चार महिने कुठं होता, असं त्यांनी विचारलं. तुळजाराम म्हणाले की तारीख आजची होती. डॉक्टरांनी रंजनाकडे पाहिलं. फोन लागत नव्हता, मॅडम, असं रंजना म्हणाली. डॉक्टरांनी आणखी विचारलं नाही. वयानं गोंधळ होतो, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी लिहिली आणि तिच्यावर ‘तातडीचे’ असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. सोमवारी सकाळी पोहोचायचं. दाढेचं आता कुणी बोललं नाही.

भुवना चिठ्ठीवर शिक्का मारून आणायला गेली. तुळजारामांचं कार्ड रंजनाच्या हातातच राहिलं होतं. पुठ्ठा कडेनं तेलकट झाला होता, वर हळदीकुंकवाचे डाग होते. तिनं ते उलटून पाहिलं. तिचंच अक्षर. १-४, सोमवार. चूक काहीच नव्हती. तिला हायसं वाटलं. ती बाहेर आली आणि बाकावर त्यांच्याशेजारी बसली.

“अण्णा, आजची तारीख तुम्हांला कोणीं सांगितली?”

“तूंच की.” त्यांनी कार्ड घेतलं आणि पहिल्या आकड्यावर बोट ठेवलं. टेलरचं बोट, टोकाला सुयांनी खरखरीत झालेलं. “हें नऊ. आणि हें आठ. नऊ आठ.”

रंजना त्या बोटाकडे पाहत राहिली. वरती गोल आणि खाली शेपूट, तो एक. इंग्रजी आकडेच पाहिलेल्या माणसाला तो नऊ दिसणार. दोन टोकं वर उघडी सोडलेला चार, खाली गाठ मारलेला. तो आठच. बावीस वर्षं ती लोकांच्या तोंडात पाहत आली होती आणि आपलं लिहिलेलं दुसऱ्याच्या डोळ्यांनी तिनं एकदाही पाहिलं नव्हतं.

“तो एक अहे, अण्णा,” ती म्हणाली. “एक चार. एप्रिल.”

तुळजारामांनी रुमालानं तोंडाची कड पुसली. समोरून एक बाई कडेवर मूल घेऊन गेली, मूल भोकाड पसरून रडत होतं. ते दिसेनासं होईपर्यंत दोघं तिकडेच पाहत राहिली.

“मजला वाटलें, सरकारी तारीख, लांबचीच असायची,” ते शेवटी म्हणाले. “जूनांत फार दुखूं लागलें तेव्हां एकदां आलों होतों दारापर्यंत. मग म्हणालों, नको, आधीं नको म्हणालीय. परत गेलों.”

रंजनानं पदर तोंडाशी नेला.

“बाकीचें काय लिहिलें अहे?” त्यांनी विचारलं. “आकडे तेवढे कळले म्हणून वाटलें. बाकी म्हणालों, मंत्र असेल. तूं वहींत लिहितेस तो. देवापुढें ठेवलें होतें तें. भुवना रोज कुंकू लावीत होती.”

“अण्णा, नको.”

“वाच गे. माझ्या नांवाचें कार्ड. काय लिहिलेंस तें ऐकूं तरी दे.”

तिनं वाचलं. आवाज इतका लहान होता, की त्यांना कान पुढं करावा लागला. “एक चार, सोमवार. सकाळी नऊ वाजता यावे. उपाशी येऊ नये, इडली खाऊन यावे. गोळी चुकवू नये. दाढ काढताना फार दुखत नाही, मी शेजारी असेन. भिऊ नये. श्रीराम.”

परगावाहून आलेलं पत्र ऐकावं तसं त्यांनी ते मान खाली घालून ऐकलं.

“इतकें सगळें,” ते म्हणाले. मग म्हणाले, “चांगलें लिहिलेंस. मजला वाचतां येत नाहीं, हें तुजला तेव्हांच सांगायला हवें होतें. लाज वाटली गे. आपली अक्षरं म्हणालीस. तूं बाई असून शिकलीस, आणि मी बोळांत जन्म काढून…” पुढचं त्यांच्या जड जिभेवरून नीट उतरलं नाही. त्यांनी हात हलवला. “परवाइल्ले.” असू दे, काही हरकत नाही.

ते परवाइल्ले रंजनाला शनिवारी आणि रविवारी पुरलं नाही. पहाटे वही उघडली तर ‘श्री’ लिहून हात थांबे. तिनं तेवढं ठरवलं, की सोमवारी रजा टाकून त्यांच्याबरोबर जायचं आणि तिथं जो कोण डॉक्टर असेल त्याला सांगायचं. चूक या माणसाची नाही, माझी आहे, असं. चार लोकांसमोर, मोठ्यानं. नोकरीचं व्हायचं ते होईल. हा तिचा नवा नेम होता, आणि तो एका दिवसाचाच होता.

सोमवारी मोठ्या इस्पितळात अकरापर्यंत रांगेत उभं राहावं लागलं. भुवना दुसऱ्या मजल्यावर स्कॅनची चिठ्ठी करायला गेली. आत लहान टेबलामागं तरुण डॉक्टर होता, आदल्या रात्रीचा जागलेला. त्यानं केंद्राचे कागद चाळले. मार्च. मग ऑगस्ट. मधे काहीच नाही. त्यानं वर पाहिलं.

मार्चमध्ये तुम्हाला दोन आठवड्यांनी बोलावलं होतं ना, असं त्यानं तमिळमध्ये विचारलं. तेव्हा आला असता तर लहानशा कामात भागलं असतं. आता अर्धी जीभ काढावी लागते की जबड्यालाही हात लावावा लागतो, कोण जाणे. फुकट मिळतं ना, म्हणून तारखेची किंमत नसते तुम्हा लोकांना. तो ओरडत नव्हता. दमलेला माणूस बोलतो तसा बोलत होता, आणि म्हणूनच ते शब्द न अडखळता लागत गेले.

रंजना पुढं झाली. “सार,” ती म्हणाली.

तुळजारामांनी तिचं मनगट धरलं. चेहरा डॉक्टरकडेच होता, अदबीचा, जणू काही विचारताहेत. पण बोलले ते मराठीत, त्या खोलीत दुसऱ्या कुणालाच न कळणाऱ्या भाषेत, जड जिभेनं, एकेक शब्द सोडवून घेत.

“बोलूं नको. तूं बोललीस म्हणून माझें भरून येणार नाहीं. तुझीं आठ वर्षें अहेत अजून नोकरीचीं.”

मग त्यांनी तिचं मनगट सोडलं, हात जोडले आणि तमिळमध्ये म्हणाले, “मरंदुट्टेन, सार.” विसरलो, साहेब.

डॉक्टरनं मान हलवली. हेच ऐकायची त्याला सवय होती. त्यानं कागदावर इंग्रजीत एक ओळ लिहिली. रंजनाला ती उलटीकडूनही वाचता आली. रुग्ण दिलेल्या तारखेला आला नाही. अशी ओळ तिनं स्वतः हजार वेळा लिहिली असेल. अजूनही तिला बोलता आलं असतं. मनगट कुणी धरलेलं नव्हतं. पेन कागदावरून उचललं गेलं, टोपण लागलं, आणि ती तशीच उभी होती.

“त्या स्टुलावर बसा,” डॉक्टर म्हणाला.

तुळजाराम बसले. त्यांनी न सांगता तोंड उघडलं. डॉक्टरनं दिवा ओढून घेतला आणि डोकं आणखी मागं घ्यायला सांगितलं. स्टुलाला पाठ नव्हती. मागं मागं जाणारी मान थरथरायला लागली. रंजना त्यांच्या पाठीमागं जाऊन उभी राहिली आणि तिनं आपला तळहात त्यांच्या डोक्याखाली धरला. पहिल्यांदा ते डोकं अवघडून वरच राहिलं. मग हळूहळू त्याचा सगळा भार तिच्या हातावर आला.

“हलू नका,” डॉक्टर म्हणाला.

दोघांपैकी कुणीच हललं नाही.